औषधांच्या पुढचं काम

एका प्रतिसादात म्हटलंय की स्किझोफ्रेनियात, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं आणि ठाम खोटे समज (भ्रम) होणं अशा गंभीर मानसिक आजारात, औषधं सुरू झाली की मानसशास्त्रज्ञांना करण्यासारखं फारसं उरत नाही. मला हे अजिबात पटत नाही. औषधं लागतातच, त्याबद्दल वाद नाही. पण आवाज कमी झाले म्हणजे माणूस पुन्हा कामाला लागला, चार लोकांत मिसळू लागला, असं होत नाही. उत्साह आटणं, लक्ष न लागणं, माणसं टाळणं यांवर औषधांचा परिणाम तोकडाच असतो, आणि खरं काम तिथेच असतं.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी 1952 मध्येच भ्रम असलेल्या एका रुग्णावर बोलून केलेल्या उपचारांची नोंद प्रसिद्ध केली होती. आज ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या 'नाइस' या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं अशा रुग्णांसाठी औषधांच्या जोडीला बोधात्मक वर्तनोपचाराची (विचार आणि वागणं यांवर बोलून केलेले उपचार, म्हणजेच CBT) किमान 16 सत्रं सुचवतात. त्यात 'तुझा समज खोटा आहे' असं कोणी ठासून सांगत नाही. आवाज कधी वाढतात, तेव्हा काय केलं की जरा बरं वाटतं, हे रुग्ण आणि उपचार करणारा दोघं मिळून शोधतात.

आणि घरच्यांचं काय? सतत टीका होणाऱ्या घरात आजार उलटण्याचं प्रमाण जास्त असतं, हे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन यांच्या लंडनमधल्या कामापासून वारंवार दिसलंय. (यात घरच्यांना दोष देण्याचा हेतू नाही, तेही थकलेले असतात.) कुटुंबासोबतच्या सत्रांनी आजार उलटणं कमी होतं, तरी बहुतेक कुटुंबांना असं काही असतं हेच कोणी सांगत नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे स्वतःहून विचारा.