अनुभव धागा : नागपूरकरहो, पोलिसांपुढे बोलता येतं का?

अंबाझरीवाली (धागाकर्ती) :
वर्ध्याच्या एका पोलीस ठाण्यात मोबाइलवर चित्रीकरण केलं म्हणून एका माणसावर ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट लावला होता. म्हणजे हेरगिरीचा कायदा! आपल्या नागपूर खंडपीठानं २०२२ मध्ये तो गुन्हा रद्द केला. पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं 'प्रतिबंधित ठिकाण' नाही, एवढं साधं कारण. २०२४ मध्ये औरंगाबाद खंडपीठानंही तेच म्हटलं.
संविधानातलं भाषणस्वातंत्र्याचं कलम १९(१)(क) तुम्हाआम्हाला आहेच. पण रात्री नाक्यावर शिट्टी वाजली की जीभ टाळ्याला चिकटते. तुम्ही काय बोललात, काय गिळलंत, पुढं काय झालं ते लिहा. ठाण्याचं आणि माणसाचं नाव नको. पोलिसांच्या घरचे असाल तर नक्की लिहा.

तर्री_पोहे :
फुटाळ्यावरून मी अन् दोस्त येऊन राहिलो होतो, नाकाबंदी लागली. लायसन डिजिलॉकरात दाखवलं, डिक्की उघडून दिली. मग म्हणे फोन दे, लॉक काढ, व्हॉट्सॲप दाखव. म्हटलं, "साहेब, गाडी पाहा, खिसे पाहा, फोन कायले?" "लय शहाणा झाला का बे? ११०-११७ मध्ये घेऊ का आत?" (पोलीस कायद्याची कलमं, रस्त्यावरच्या गैरवर्तनाची.) म्हटलं, "घ्या साहेब, पण काहून घेतलं ते लिहून द्या." आवाज नाही चढवला. बरंच उभं ठेवलं, मग 'चल निघ'. कायदा आठवला की झोप आली, ते त्यायलेच माहीत.

न्यायमंदिर_दुसरा_मजला :
वकील आहे म्हणून थोडं. तपासासाठी फोन हवा असेल तर फौजदारी प्रक्रियेच्या नवीन कायद्यात (बीएनएसएस) कलम ९४ आहे, पण तो लेखी आदेशाचा मामला. नाक्यावर उभं करून सगळ्यांच्या चॅट चाळायची परवानगी त्यातून मिळत नाही. आणि कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरण पोलिसांनी स्वतःच करायचं असतं. कॅमेऱ्याला एवढं घाबरण्याचं कारण मला कळत नाही.
मात्र फोन हिसकावला तर ओढाताण करू नका. नुसत्या बोलण्यानं सरकारी कामात अडथळ्याचं, भारतीय न्याय संहितेतलं कलम १३२ (जुनं भादंवि ३५३) लागत नाही, त्याला हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. पण तुमचा हात त्यांच्या हाताला लागला की कागदावर तो 'बळाचा वापर' होतो, आणि कलम अजामीनपात्र आहे.

विनाअनुदानित_मास्तर :
डिसेंबर आला की आम्ही यशवंत स्टेडियमवर. हिवाळी अधिवेशन आमच्यासाठी जत्रेसारखंच, फक्त नवस फेडायला नाही, पगार मागायला जायचं. मोर्चाची परवानगी, मार्ग, कुठं अडवणार, शिष्टमंडळात किती माणसं, सगळं आधी ठरतं. मॉरिस कॉलेज टी-पॉइंटजवळ कठडे, पुढं जायचं नाही.
त्या वर्षी आमच्या फलकावर शिक्षणमंत्र्यांना उद्देशून एक ओळ होती. शिवी नव्हती, टोमणा होता, व्याकरणशुद्ध. एक अधिकारी आले, अगदी अदबीनं म्हणाले, "गुरुजी, घोषणा हव्या तेवढ्या द्या, ती ओळ तेवढी झाका." मी विचारलं, "कोणत्या आदेशानं?" "वरून आलंय." "लेखी दाखवा, मी लगेच झाकतो." शहरात महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७ लागू असतं हे मला ठाऊक होतं. त्यातली जमावबंदी सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपलीकडे चालत नाही, हेही ठाऊक होतं. त्या आदेशाची प्रत मागितली तर साहेब हसले. "गुरुजी, तुम्ही इतिहास शिकवता की नागरिकशास्त्र?" म्हटलं, "दोन्ही, आणि विनापगार."
शेवटी आमच्यातल्याच एका भित्र्या सहकाऱ्यानं ओळीवर वर्तमानपत्र चिकटवलं. झालं! जो तो विचारू लागला खाली काय आहे. फोटोवाले धावत आले. ओळ उघडी असती तर कुणी वाचलीही नसती.
एक मात्र लिहितो. २३ नोव्हेंबर १९९४ ला याच सीताबर्डीत गोवारी मोर्चात ११४ माणसं चेंगरून गेली. माझ्या वयाच्या मोर्चेकऱ्याला कठड्याजवळ रेटारेटी सुरू झाली की तो दिवस आठवतो, आणि जुन्या पोलिसांनाही आठवतो. 'मागं सरका' हा आवाज मी कधी अडवत नाही. 'हे बोलू नका' हा वेगळा आवाज आहे.

पोलीस_लाइनची_पोर :
बाबा हवालदार होते. अधिवेशनाच्या बंदोबस्तात चौकात उभ्यानं डबा खायचे आणि लोक त्याचाही व्हिडिओ काढायचे. 'ड्यूटीवर जेवतो'. छातीवर नावाची पट्टी असायची, तरी कॅमेरा तोंडात खुपसून 'ए, नाव सांग' म्हणायचे. व्हिडिओ काढायचा हक्क आहे, मान्य. अरेतुरे करायचा कुठल्या कलमात आहे?

तर्री_पोहे :
ताई, आम्हाले 'बे' म्हणते ते कोणत्या कलमात आहे? :)

पोलीस_लाइनची_पोर :
तेही नाही. बाबांना मी हेच म्हणायचे, जेवणाच्या ताटावर भांडण व्हायचं.

सक्करदरा_सखी :
मी पाठलागाची तक्रार द्यायला गेले होते. रेकॉर्डिंग वगैरे काही केलं नाही, माझं भांडण शब्दांवरून झालं. मी सांगितलं, "तो रोज क्लासपासून मागं येतो, काल हात धरला." लिहिणाऱ्यानं लिहिलं, 'ओळखीच्या इसमाशी वाद झाला'. म्हटलं, ओळखीचा नाही आणि वादही नाही. "मॅडम, असंच लिहितात, भाषा असते." मी वाचून दाखवायला लावलं, सही केली नाही. पुन्हा लिहिलं, पुन्हा 'किरकोळ' घुसलं. तोही खोडायला लावला. मागच्या बाकावरची लोकं कंटाळली, आई माझा कुर्ता ओढत होती, 'कर ना सही'. अखेर महिला अधिकारी आल्या, त्यांनी माझ्याच वाक्यांत लिहून घेतलं. प्रत फुकट मिळते, ती मागून घेतली.
तो 'वाद झाला' तसाच राहिला असता तर कोर्टात माझं काय झालं असतं?

न्यायमंदिर_दुसरा_मजला :
सखी, हे सगळ्यांनी दोनदा वाचावं. बीएनएसएस कलम १७३ : तोंडी माहिती लिहून घ्यायची, ती वाचून दाखवायची, मग सही. याउलट, पोलीस तपास करताना साक्षीदाराचा जबाब घेतात त्यावर सही घ्यायचीच नाही, कलम १८१. लोक नेमकं उलटं करतात. एफआयआरवर न वाचता सही, जबाबावर आग्रहानं सही.

ई_चालान_ग्रस्त :
माझी गाडी घरी असताना चालान आलं. वाहतूक पोलिसांच्या पानावर खरमरीत लिहिलं. शेजारचे काका रात्री धावत आले, "डिलीट कर, उचलतील." केलं नाही. कुणी आलं नाही. चालानही गेलं नाही.

न्यायमंदिर_दुसरा_मजला :
बंगळूरच्या एका जोडप्यानं वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर अधिकाऱ्याच्या वागण्याबद्दल लिहिलं, त्यांच्यावर जुनं ३५३ आणि ५०६ (धमकावणं) लावलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१५ मध्ये रद्द केलं. काकांना सांगा. मात्र खोटा आरोप नाव घेऊन केलात तर बदनामीचा खटला वेगळा.

गांधीबाग_घाऊक :
तुमच्या धाग्यात सगळे शिकलेले दिसून राहिले. आमच्या दुकानातला हमाल 'प्रत द्या' म्हणाला तर त्याले कानाखाली मिळते. त्याचं कलम सांगा.

(यावर अजून कुणी लिहिलेलं नाही. हमालानंच लिहावं असं मला फार वाटतं, दुकानदारांनी टाइप करून द्यावं. – अंबाझरीवाली)

नंदनवन_७ :
घाईत विचारते. माझ्या आईला उद्या ठाण्यात बोलावलंय, शेजारच्या मारामारीची साक्षीदार म्हणून. नुसता फोन आलाय. जाऊ द्यायचं का?

न्यायमंदिर_दुसरा_मजला :
साक्षीदार बाईला ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, जबाब घरी येऊन घ्यायचा असतो. बीएनएसएस कलम १७९. आजच फोन करून सांगा, 'आई घरी भेटेल, वेळ कळवा.' साहेब-जी लावूनच बोला. आणि तोच मजकूर मेसेजनंही पाठवा. आले तर तुम्ही शेजारी बसा.

नंदनवन_७ :
केला फोन. उद्या चार वाजता येतो म्हणाले. चहा ठेवू का?