शब्दचर्चा: रडारवरचं ते 'अज्ञात', 'अनोळखी' की नुसतं 'ओळख न पटलेलं'? (आणि 'गोपनीय'चा शिक्का)

मुळाक्षरे:
दिवाळी अंकासाठी एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करते आहे. विषय जुलै १९५२ मध्ये वॉशिंग्टनवर दिसलेल्या यूएफओंचा, म्हणजे 'अनआयडेंटिफाइड फ्लाइंग ऑब्जेक्ट्स'चा. थोडक्यात हकीकत अशी: १९ जुलैच्या रात्री बारा वाजायला वीस मिनिटं असताना वॉशिंग्टन नॅशनल विमानतळाच्या रडारवर एडवर्ड न्यूजंट या नियंत्रकाला सात ठिपके दिसले. ठरलेल्या हवाई मार्गांवर नसलेले. त्याने वरिष्ठ नियंत्रक हॅरी बार्न्सला बोलावलं. टॉवरच्या वेगळ्या रडारवरही काहीतरी दिसत होतं, अँड्र्यूज हवाई तळानेही दुजोरा दिला. मग डेलावेअरमधल्या न्यू कॅसल तळावरून एफ-९४ जेट विमानं आली. ती पोचली की ठिपके गायब, इंधन संपत आलं म्हणून परतली की ठिपके पुन्हा हजर. पुढच्या शनिवारी रात्री परत तोच खेळ.

अडचण दोन शब्दांची आहे. 'अनआयडेंटिफाइड'ला अज्ञात म्हणू की अनोळखी? संपादक म्हणतात, सरळ 'उडत्या तबकड्या' लिहा, लोकांना कळतं. दुसरा शब्द 'क्लासिफाइड'. हल्ली सर्रास 'वर्गीकृत माहिती' असं छापून येतं, ते माझ्या हातून लिहवत नाही.

भोचकभवानी:
वर्गीकृत म्हणजे 'टू बीएचके भाड्याने देणे आहे, एजंट नको'. पेंटॅगॉन छोट्या जाहिराती देत असेल तर खुशाल लिही.

टंकलेखक:
भवानीताईंशी सहमत. वर्गीकरण म्हणजे वर्गवारी, त्यात लपवणं कुठेच येत नाही. मी सरकारी कचेरीत जन्म घालवला. तिथे लिफाफ्यावर 'गोपनीय' असा लाल शिक्का मारायचो. कुणी 'हे पत्र वर्गीकृत आहे' म्हणालं असतं तर मी विचारलं असतं, मग कोणत्या फायलीत लावू?

उलट क्रियेसाठीही 'अवर्गीकृत' वगैरे नको. कागदपत्रं खुली केली, गोपनीयतेचा शिक्का काढला. एवढं पुरतं.

मुळाक्षरे:
काका, पण लेखात तीन पायऱ्या आहेत. नोव्हेंबर १९५३ मध्ये आयझेनहॉवरने आदेश क्रमांक १०५०१ काढला, त्यात 'रिस्ट्रिक्टेड' ही खालची पायरी काढून टाकली आणि टॉप सीक्रेट, सीक्रेट, कॉन्फिडेन्शियल अशा तीनच ठेवल्या. तिन्हींना गोपनीय म्हणून कसं चालेल?

टंकलेखक:
वरून खाली: परमगुप्त, गुप्त, गोपनीय. पहिला थोडा हिंदी वळणाचा वाटेल, पण 'अत्यंत गुप्त' लिहिलं तर ते विशेषण वाटतं, दर्जा वाटत नाही. दर्जाचं नाव एकसंध हवं.

धातुसाधित:
काकांनी लावलेला क्रम व्याकरणालाही धरून आहे. दोन्ही शब्द 'गुप्' धातूचे, आणि या धातूचा मूळ अर्थ रक्षण करणे. गुप्त हे कर्मणी भूतकालवाचक, म्हणजे लपवलेलं, राखलेलं. गोपनीय हे 'अनीय' प्रत्ययाचं, म्हणजे राखण्याजोगं. पूजनीय, वंदनीय तसं. गोपनीय कागद हा अजून लपलेला असेलच असं नाही, तो लपवावा असं कुणीतरी ठरवलेलं असतं. ते ठरवणारं कुणी नसेल तर शब्दाला अर्थच उरत नाही.

याच कारणासाठी 'शासकीय गुपिते अधिनियम, १९२३' हे नाव मला आवडत नाही. गुपित हा शब्द मैत्रिणींच्या कुजबुजीतला. 'माझं एक गुपित आहे' म्हणणाऱ्याला तुरुंगात टाकायचं म्हणजे फारच झालं.

भोचकभवानी:
आणि मंत्री घेतात ती 'पद व गोपनीयतेची शपथ'. मोबाइलवर येतं ते 'गोपनीयता धोरण'. एकात सरकारने आपल्यापासून लपवायचं, दुसऱ्यात आपण कंपनीपासून. शब्द एकच. वर पेपरवाल्यांचा 'गौप्यस्फोट', ज्यात बहुधा गौप्यही नसतं आणि स्फोटही नसतो.

ठिपका:
बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज राहवलं नाही. हवाई दलात रडार कक्षात नोकरी झाली आहे, म्हणून पहिल्या शब्दाबद्दल लिहितो.

पडद्यावर उमटतो तो एकेक प्रतिध्वनी, त्याला आम्ही प्लॉट म्हणतो. अँटेना फिरते, पुढच्या फेरीत थोडं सरकून दुसरा प्लॉट येतो. ते जोडून जी वाट तयार होते ती ट्रॅक. आता या ट्रॅकची ओळख पटवायची. आपल्याकडे उड्डाणापूर्वी विमानाला एडीसी नंबर घ्यावा लागतो, म्हणजे हवाई संरक्षणाची परवानगी. तो जुळतो का, उड्डाणाची आगाऊ माहिती आली आहे का, आयएफएफ यंत्राला (विमान आपलं की परकं हे रेडिओवरून विचारणारं यंत्र) उत्तर मिळतं का, हे पाहायचं. काहीच जुळलं नाही तर ट्रॅकवर 'अननोन' असं लागतं. बहुतेक वेळा वैमानिक ठरलेल्या वेळेपेक्षा उशिरा निघालेला असतो किंवा कुणीतरी कळवायचं विसरलेला असतो. फोन झाला की लेबल बदलतं.

तेव्हा 'अननोन' हे वस्तूचं वर्णन नाही, नोंदवहीतल्या एका रकान्यात त्या क्षणी काय लिहिलंय तेवढंच ते सांगतं. माझं मत 'ओळख न पटलेली'. लांब आहे, पण त्यात ओळख पटवणारा माणूस दिसतो.

जाता जाता: अशा अनोळखी विमानाला इंग्रजीत जो परवलीचा शब्द आहे तो मराठीत 'बोगी' असा लिहू नका. वाचकाला रेल्वेचा डबा आकाशात दिसेल.

धातुसाधित:
मी 'अज्ञात'च्या बाजूने. पांडवांचा अज्ञातवास आठवा. विराटाच्या दरबारात कंक रोज समोर बसतो, बल्लव स्वयंपाक करतो, बृहन्नडा नाच शिकवते. सगळ्यांना सगळे दिसतात, कोण ते कळत नाही एवढंच. शिवाय ओळख पटली तर पुन्हा बारा वर्षं वनवास. पाहिलं आहे पण ओळखलं नाही, हा 'अनआयडेंटिफाइड'चा नेमका अर्थ 'अज्ञात'मध्ये महाभारतापासून आहे. घोटाळा होतो तो लोक अज्ञात म्हणताना मनात 'अज्ञेय' धरतात म्हणून. अज्ञेय म्हणजे जे कधीच कळणार नाही ते.

भोचकभवानी:
आणि आमचे क्राइम रिपोर्टर? 'अज्ञात वाहनाच्या धडकेत दुचाकीस्वार जखमी.' ते वाहन मंगळावरून आलं असं आजवर कुणालाही वाटलेलं नाही. तोच शब्द आभाळात गेला की लगेच हिरवी माणसं.

मुळाक्षरे:
हे आवडलं. पण लेखात पुढे आकडे आहेत, तिथे 'अज्ञात' अडकतो. अमेरिकन हवाई दलाच्या प्रोजेक्ट ब्लू बुकने, म्हणजे यूएफओंची चौकशी करणाऱ्या पथकाने, १९६९ पर्यंत १२,६१८ नोंदी तपासल्या, त्यातल्या ७०१ शेवटपर्यंत 'अनआयडेंटिफाइड' राहिल्या. त्याआधी १९५५ मध्ये बॅटेल संस्थेने केलेलं ३,२०१ नोंदींचं विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात ६९ टक्के ओळखता आल्या, ९ टक्क्यांत माहिती अपुरी आणि २२ टक्के 'अननोन'. म्हणजे माहिती अपुरी असणं वेगळं आणि अननोन वेगळं. मराठी वाचकाला अज्ञात म्हणजेच माहिती नसलेलं वाटणार ना?

ठिपका:
वाटणारच, आणि तिथेच तर गंमत आहे. त्याच अहवालात नोंदींना दर्जा दिलेला आहे. उत्तम दर्जाच्या नोंदींत 'अननोन' ३५ टक्के, सगळ्यात कच्च्या नोंदींत १८ टक्के. धूसर, ऐकीव नोंदी 'अपुरी माहिती'च्या रकान्यात किंवा फुगा-ग्रह-विमान म्हणून निकालात निघाल्या. भरपूर तपशील असलेल्या नोंदी जास्त प्रमाणात शिल्लक राहिल्या. म्हणून या परिच्छेदापुरतं 'उलगडा न झालेल्या' लिहा. रडारवरच्या ट्रॅकला 'ओळख न पटलेला', तपास संपल्यावरच्या नोंदीला 'उलगडा न झालेली'. एकच इंग्रजी शब्द असला म्हणून मराठीत एकच हवा असं कुठे आहे?

टंकलेखक:
पारिभाषिक शब्द मध्येच बदलला तर वाचक गोंधळेल. माझा याला विरोध आहे. एक शब्द धरा, पहिल्यांदा आला तिथे अर्थ सांगा आणि शेवटपर्यंत निभवा.

मुळाक्षरे:
आणि तबकडीचं काय?

ठिपका:
रडारच्या बाबतीत तबकडी अजिबात नको. त्या काळचं रडार आकार दाखवतच नव्हतं. अंतर, दिशा आणि प्रतिध्वनीचा जोर, बस्स. 'रडारवर उडती तबकडी दिसली' हे वाक्य लिहिणाऱ्याने आकार स्वतःच्या पदरचा घातलेला असतो.

धातुसाधित:
मुळातही आकार पदरचाच. २४ जून १९४७ रोजी केनेथ अरनॉल्ड या वैमानिकाला माउंट रेनियरजवळ नऊ वस्तू उडताना दिसल्या. (तेही वॉशिंग्टन, पण राज्य, तुमचं ते राजधानीचं शहर. अनुवादात हे स्पष्ट करा.) पाण्यावर बशी भिरकावली की ती टप्पे घेत जाते तशा त्या चालल्या होत्या, असं त्याने गतीचं वर्णन केलं. वृत्तपत्रांनी बशी उचलली, टप्पे सोडून दिले. नंतर ब्लू बुकचा प्रमुख एडवर्ड रपेल्ट याने 'यूएफओ' हा शब्द रूढ केला तो याच वैतागातून. मराठीने मात्र बशीही न घेता तबकडी घेतली. ग्रामोफोनची तबकडी घराघरांत माहीत होती, म्हणून असेल.

संपादकांना सांगा, मथळ्यात तबकडी चालेल, मजकुरात नाही.

भोचकभवानी:
मराठी पेपरांत रडारवर तशाही तबकड्या नसतात. 'तपास यंत्रणांच्या रडारवर आणखी दोन आमदार.' त्यांची ओळख मात्र पूर्ण पटलेली असते.

मुळाक्षरे:
आता दोन्ही शब्द एकत्र येतात ती जागा. पुढच्या शनिवारी, म्हणजे २६ जुलैच्या रात्री, पत्रकार रडार कक्षात जमले होते. जेट विमानं निघाली तेव्हा त्यांना बाहेर काढलं. कारण दिलं ते असं की विमानांना लक्ष्याकडे नेण्याची पद्धत 'क्लासिफाइड' आहे. रपेल्टने पुढे स्वतःच लिहिलं की हे कारण हास्यास्पद होतं, ते संभाषण कुठलाही जाणकार हौशी रेडिओवाला ऐकू शकला असता. इथे गुप्त की गोपनीय?

धातुसाधित:
गोपनीय! याहून चांगलं उदाहरण मिळायचं नाही. संभाषण कुणालाही ऐकू येत होतं, म्हणजे ते गुप्त नव्हतं. गोपनीय मात्र होतं, कारण तसं ठरवलेलं होतं.

ठिपका:
याच्याच शेजारी एक नियम ठेवायला हवा, लेखात नसेल तर तळटीप द्या. अमेरिकन हवाई दलाचा २००-२ क्रमांकाचा नियम, ऑगस्ट १९५४ ची आवृत्ती. स्थानिक पत्रकारांनी विचारलं तर वस्तूची ओळख निश्चित पटली असेल तेव्हाच माहिती द्यायची. ओळख पटली नसेल तर तपास चालू आहे इतकंच सांगायचं. हा फुगा होता, तो शुक्र होता, हे लोकांना कळणार. ज्याचा उलगडा झाला नाही ते आतच राहणार. तुमचे दोन्ही शब्द या एका नियमाने एकमेकांना बांधले आहेत. ओळख न पटणं हेच गोपनीय होण्याचं कारण.

मला यात परग्रहाचं काही दिसत नाही. शत्रूचं विमान आपण ओळखू शकत नाही, हे कोणतंही सैन्य चारचौघांत सांगणार नाही. पण लोकांच्या हाती फक्त सुटलेली गणितं द्यायची आणि न सुटलेली कपाटात ठेवायची म्हटल्यावर संशय वाढणार नाही तर काय? बेल्जियमने १९९० मध्ये उलट केलं. ३० मार्चच्या रात्री दोन एफ-१६ पाठवली होती, रडारची फीत त्यांनी काही महिन्यांत पत्रकारांसमोर लावली. पुढे तपासणीत निघालं की त्यातले काही 'लॉक' (विमानातल्या रडारने लक्ष्य पकडून धरणं) एका विमानाने चक्क सोबतच्या दुसऱ्या विमानावर केले होते. फीत उघड होती म्हणून ते बाहेरच्यांनाही कळलं.

टंकलेखक:
वॉशिंग्टनच्या ठिपक्यांचं अधिकृत कारण काय दिलं?

मुळाक्षरे:
२९ जुलैला पेंटॅगॉनमध्ये मेजर जनरल जॉन सॅमफर्ड यांनी पत्रकार परिषद घेतली. कारण सांगितलं 'टेम्परेचर इन्व्हर्जन'. भूगोलाच्या पुस्तकातली 'तापमानाची विपरीतता'. ती लिहिली तर वाचक पान उलटेल.

ठिपका:
सोपं करून लिहा: खाली गार हवा आणि तिच्यावर उबदार हवेचा थर, अशा वेळी रडारचा किरण खाली वाकतो आणि जमिनीवरच्या वस्तू आकाशात असल्यासारख्या उमटतात. नागरी विमान प्रशासनाने १९५३ मध्ये वॉशिंग्टनच्याच रडारचा अभ्यास केला, तेव्हा असे ठिपके दिसले त्या वेळी बहुधा हा थर होता असं आढळलं. बार्न्सला मात्र हे पटलं नव्हतं. असले खोटे ठिपके आम्ही रोज बघतो, ते आम्हाला कळतात, असं त्याचं म्हणणं. रडारसमोर बसलेल्या माणसाचं हे म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही, पण उकाड्याची ती रात्रही विसरणार नाही.

मुळाक्षरे:
शेवटची मदत. सॅमफर्ड त्या परिषदेत म्हणाले की काही टक्के नोंदी 'क्रेडिबल' निरीक्षकांनी केलेल्या 'इन्क्रेडिबल' गोष्टींच्या आहेत. ही कोटी मराठीत कशी उतरवू?

टंकलेखक:
विश्वसनीय निरीक्षक, अविश्वसनीय गोष्टी.

धातुसाधित:
व्याकरणाने चोख, पण 'अविश्वसनीय' हा शब्द क्रिकेटच्या समालोचनाने पार झिजवला आहे. शिवाय सॅमफर्डने 'काहीशा' असं जोडलं होतं, तो लष्करी सावधपणा यायला हवा.

भोचकभवानी:
'माणसं विश्वासातली, पण सांगतात त्यावर जरा विश्वास बसत नाही.'

धातुसाधित:
'जरा' ची जागा बदला. 'त्यावर विश्वास बसणं जरा कठीण.'

मुळाक्षरे:
घेतलं. पण जनरलच्या तोंडी 'विश्वासातली' नको, ते घरगुती वाटतं. 'भरवशाची' करते.