कॉलेजात न जाता वकील

'घरी बसून वकील होता येतं' असं कुणी म्हटलं, तर ते कॅलिफोर्नियात खरंय, पण 'बसून' हा शब्द जरा फसवा आहे. तिथे लॉ स्कूलऐवजी एखाद्या वकिलाच्या हाताखाली ४ वर्षं शिकता येतं. आठवड्याला किमान १८ तास अभ्यास, त्यातले ५ तास त्याच्या थेट देखरेखीखाली, शिवाय दर महिन्याला परीक्षा. पहिल्या वर्षानंतर 'बेबी बार' ही पहिल्या वर्षाच्या अभ्यासावरची सरकारमान्य परीक्षा आडवी येते. विषय तीनच: करार, गुन्हे आणि टॉर्ट (म्हणजे नुकसानभरपाई मागता येते अशी दिवाणी चूक). तरी याच वाटेने शिकणारी अमेरिकन टीव्ही स्टार किम कार्दशियन २०२१ मध्ये चौथ्या खेपेला पास झाली (आणि तिला पैशाची चणचण नव्हती!). माझ्या मते परीक्षेपेक्षा अवघड म्हणजे ४ वर्षं इतका वेळ देणारा वकील गाठणं. भारतात मात्र दूरशिक्षणाची एलएलबी बार कौन्सिल मानत नाही.