मदत हवी आहे : समुद्रात पहिल्यांदाच पोहणार आहे
पूलमध्ये मी न थांबता दीड किलोमीटर पोहते. येत्या रविवारी मार्गदर्शकासोबत समुद्रातलं पहिलं सेशन आहे आणि पोटात गोळा आलाय. तळाला काळी रेघ नाही, धरायला कठडा नाही! गार पाण्यात पहिली १-२ मिनिटं धाप लागते, तेव्हा नुसतं तरंगत श्वास सावरायचा, हे कळलंय. कमरेला बांधायचा नारिंगी फ्लोटही मिळणार आहे. अडतंय ते दिशा बघण्यात. समोर बघायला मान वर काढली की कंबर खाली जाते, पाय बुडतात, लय तुटते. तुम्ही दर किती हात मारल्यावर समोर बघता? फक्त डोळे पाण्याबाहेर काढायची सवय पूलमध्ये कशी करू? आणि मला श्वास उजवीकडूनच जमतो. लाटा त्याच बाजूने आल्या तर काय करायचं? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगा.