घरकुलाला पाणीपट्टी सरसकट, सवलतीची की खर्चावरून?

हिशेबनीस (धागाकर्ता)

घरकुल वस्तीला नळाची पट्टी किती लावायची, यावर मासिक सभेत दोनच सूर लागतात. गरिबाचं घर आहे, निम्मी करा. किंवा पाणी सगळ्यांना सारखं, मग पट्टीही सारखी. दोघांपैकी कुणी आधी खर्च मांडत नाही, म्हणून दोन्हीकडचा आकडा हवेतलाच असतो.

नमुन्यादाखल ३०० नळांचं गाव घेऊ. दर आणि किमती धरलेल्या आहेत, आपापल्या गावच्या घालून बघा. घरी सरासरी साडेचार माणसं, जलजीवनच्या मापानं माणशी ५५ लिटर, म्हणजे रोज सुमारे ७४,००० लिटर. ताशी १५,००० लिटर उपसणारा ५ एचपीचा पंप पाच तास चालवावा लागतो. मोटर साडेचार किलोवॅट ओढते, वर्षाला ८,२०० युनिट होतात. युनिटला साडेसात रुपये आणि वर स्थिर आकार धरून बिल ७२,०००. नळ सोडणाऱ्याला महिना ८,०००, म्हणजे ९६,०००. पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर हजार लिटरला ५ ग्रॅम, वर्षाला १३५ किलो, साधारण ५,४००. मोटर रिवायंडिंग, फुटके पाइप, व्हॉल्व्हचे ग्लँड मिळून ६०,०००. पुढचा पंप घ्यायला बाजूला २५,०००.

बेरीज २,५८,४००. भागिले ३००, नळामागे वर्षाला ८६१, महिन्याला ७२ रुपये. सभेत ठराव मात्र ३० रुपयांचा होतो, कारण मागच्या वर्षी तोच होता. मग पहिली काट बसते ती टीसीएलला, नाहीतर पंपाच्या शिलकीला. मे महिन्यात विहिरीची पातळी उतरते, पंप कोरडा चालतो, वायंडिंग जळतं आणि गावात वर्गणी सुरू होते.

माझं म्हणणं: दर सगळ्यांना ७२च लावा. घरकुलाला सवलत द्यायची असेल तर खुशाल द्या, पण ती कोणत्या लेखाशीर्षातून दिली ते ठरावात लिहा. दरातच लपवलेली सवलत नेमकी कोण भरतंय, ते कुणालाच दिसत नाही.

वस्ती नंबर दोन

हिशोब पक्का हाय भाऊ, पण भागाकारात खोट हाय. ३०० नं भागलं म्हणजे २६९ चौरस फुटाचं घरकुल आन् दुमजली वाडा एकाच तागडीत तोलला. घरकुलात पाच माणसं, पावणेतीनशे लिटर. वाड्यात तेवढीच माणसं, पण मांगं गोठा, चार म्हशी. एका दुभत्या म्हशीले दिवसाले साठ-सत्तर लिटर प्यालेच लागते, धुणं वेगळं. म्हणजे एका नळाआड दोन घरचं पाणी. सरसकट दरात सवलत घरकुलाले नाई, गोठ्याले भेटते. हे सभेत कोणी बोलत नाई, काहून का बोलणाऱ्याच्या घरीच गोठा असते.

दुसरं, वस्ती कुठं वसवता? गावठाणात जागा नाई म्हणून गायरानाच्या कडेले. पाइपलाइनचं शेवटचं टोक. टाकीपासून पयल्या आळीत धार दंडावानी, शेवटाले करंगळीवानी. ज्याले शंका असंन त्यानं २० लिटरची बकेट लावून घड्याळ पाहावं. दोन मिनिटांत भरली तं मिनिटाले १० लिटर, पावणेतीनशे लिटराले २७-२८ मिनिटं नळ चालला पायजे. पाच मिनिटांत भरली तं ६९ मिनिटं. आन् नळ सुटते अर्धा घंटा. मंग ७२ रुपये कायचे? आधी पाणी द्या, मंग पावती फाडा.

पंपवाला

बकेटचं माप बरोबर आहे, पण शेवटच्या टोकाला पाणी न पोचण्याचा दराशी संबंध नाही. वरच्या आळीतल्या जोडण्या ढिल्या आहेत, तिथं दुखणं आहे. मुख्य पाइपला भोक पाडून फेरूल (पाणी मापात सोडणारा तुकडा) न बसवता थेट सॅडलवरून, म्हणजे पाइपवरच्या पकडीवरून, अर्धा इंची पाइप ओढलेला, वर टिल्लू म्हणजे पाणी खेचणारा छोटा पंप. एक टिल्लू सुरू झाला की लाइनमधला दाब पडतो आणि पुढच्या दहा घरांची धार तुटते. वस्तीसाठी वेगळा व्हॉल्व्ह ठेवून तिला पहिल्या पाळीत, टाकी भरलेली असताना पाणी सोडलं, तर नवा पाइप न टाकता निम्मं काम होतं. प्रत्येक जोडणीवर प्रवाह मर्यादेत ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह बसवला की टोकाच्या घरालाही वाटा पोचतो. तो फिरवून मोठा करतात ही खरी अडचण. म्हणून तो उंबऱ्याच्या आत नको, रस्त्यावरच्या चेंबरमध्ये हवा.

मीटरचा आग्रह कुणी धरण्याआधी सांगतो. आमच्याकडचा पुरवठा एक दिवसाआड. रिकाम्या पाइपात पाणी शिरताना हवा पुढं पळते आणि मीटर हवेवरही फिरतो. ग्राहक भांडतो, आणि त्याचं खरं असतं. एक मीटर १,८०० रुपये धरला तरी ३०० मीटरचे ५,४०,००० होतात, वरच्या हिशोबातला दोन वर्षांचा संपूर्ण खर्च. वाचन घेणारा माणूस आणखी वेगळा. महिन्याला ७० रुपये मोजायला एवढं यंत्र परवडत नाही. चोवीस तास दाब असलेल्या लाइनवरच मीटर शोभतो.

पूर्णाकाठ

तुम्ही दोघंही विहीर आपल्या गावची आहे असं धरून चाललात. अकोला-बुलडाणा-अमरावतीच्या खारपाण पट्ट्यात बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. तिथं वान धरणावरची ८४ खेडी योजना किंवा काटेपूर्णेवरची खांबोऱ्याची ६४ खेडी, अशा प्रादेशिक योजनांतून पाणी येतं. ग्रामपंचायतीकडे वीजबिल नाही, पंप नाही, फक्त वरून येणारं पाण्याचं बिल. ते गावाच्या नावावर थकतं, आणि थकलं की पुरवठा आखडतो, ज्यानं पट्टी भरली त्याचाही. इथं खर्चावरून दर काढणं म्हणजे दुसऱ्याच्या खर्चावरून काढणं.

म्हणून माझा दर दोन तुकड्यांचा. निम्मा स्थिर, निम्मा पाणी सुटलेल्या दिवसांवर. महिन्यात पंधरा पाळ्या ठरल्या आणि आठच आल्या, तर दुसऱ्या तुकड्यातले आठ-पंधरांश घ्या. पाळीची तारीख आणि वेळ फळ्यावर लिहा. तशीही माणसं प्यायला आरओच्या कॅनचे पैसे वेगळे मोजतातच, नळाचं पाणी धुण्या-भांड्यापुरतं राहिलं आहे. न आलेल्या पाण्याचे पूर्ण पैसे मागितले की वसुली तिथंच मोडते.

हिशेबनीस

पूर्णाकाठ, पाळीवर पट्टी ऐकायला न्याय्य वाटते, पण वरच्या खर्चात पाळीप्रमाणे कमी होणारं काय आहे? युनिटांची वीज आणि टीसीएल, एवढंच. माणसाचा पगार, स्थिर आकार, दुरुस्ती, शिल्लक पाणी न सोडताही लागतेच. २,५८,४०० पैकी बदलणारा भाग सत्तर हजारांच्याही आत. म्हणजे कपात फार तर चौथ्या हिश्श्यावर देता येते, निम्म्यावर नाही. निम्म्यावर दिली तर पंप बिघडलेल्या महिन्यातच दुरुस्तीचा पैसा आटतो.

गोठ्याचा मुद्दा दरात बसतो. ३०० पैकी ६० नळांना गोठा धरा आणि त्यांना दोन वाटे द्या. २४० अधिक १२०, एकूण ३६० वाटे. वाट्याला ७१८ रुपये, म्हणजे साध्या घराला महिना ६० आणि गोठेवाल्याला १२०. मीटर नको, गोठा तर डोळ्यांनी दिसतो. घरकुलाचा आकडा ७२ वरून ६० वर आला, तोही सवलत न देता.

वस्ती नंबर दोन

६० चालते. पण तुमचा दर शंभर टक्के वसुलीचा हाय. ३०० पैकी २१० नंच भरलं तं नळामागं वर्षाचा खर्च ८६१ वरून १,२३० वर जाते, आन् पुढच्या वर्षी कोणीतरी तोच आकडा दर म्हणून ठरावात घालते. नमुना ९, म्हणजे कर मागणीची वही, काढून थकबाकी उतरत्या क्रमानं लावा. घरकुलाची दोन-अडीचशेची थकबाकी खाली दिसंन, वर कोणाची हाय ते सभेत वाचून दाखवा. कायद्यात तं मागणीचं बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य अपात्र ठरते. ते कलम वापरतं कोण? नळ तोडाची नोटीस मात्र पयले आमच्या वस्तीत येते.

नमुना आठ

सगळे पाण्यावरच बोलताहेत. घरकुलाच्या बिलात घरपट्टीही असते आणि चुका तिथं जास्त. सूत्र साधं आहे: क्षेत्रफळ गुणिले जमिनीचा रेडी रेकनर (सरकारी) दर, अधिक क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसारा (घर जुनं झाल्याची घट), आणि या सगळ्याला वापराचा भारांक. राहत्या घराचा भारांक १, दुकानाचा त्याहून जास्त. आलेलं भांडवली मूल्य दर हजारी ठरलेल्या पैशांनी गुणायचं. तो दर मातीच्या घराला कमी, स्लॅबच्या घराला जास्त.

उदाहरणाला २५ चौरस मीटरचं घरकुल घ्या, जमीन ५०० रुपये मीटर, बांधकाम १०,००० धरा. १२,५०० अधिक २,५०,०००. दर हजारी १ रुपया २० पैसे लावले तर ३१५ रुपये.

आता काय चुकतं ते बघा. पहिलं, सगळी घरकुलं एका ओळीत "आरसीसी" लिहून मोकळे होतात. वर टिनं असलेलं विटांचं घर खालच्या प्रकारात बसतं. दुसरं, बांधकामाचं वर्ष कोरं सोडतात, त्यामुळे इंदिरा आवासच्या काळातल्या घरालाही घसारा लागत नाही. तिसरी चूक सगळ्यांत महाग: मोकळी जागा. भटक्या-विमुक्तांसाठीच्या यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहतीत कुटुंबाला पाच गुंठे मिळतात, म्हणजे ५०६ चौरस मीटर. घर २५ मीटरचं. उरलेले ४८१ मीटर पडसर म्हणून ५०० रुपयांनी मांडले आणि हजारी दीड रुपया लावला, तर ३६० रुपये होतात. घरापेक्षा अंगण महाग! त्या अंगणात दोन शेळ्या आणि कुडाची न्हाणी असते. ही नोंद तपासल्याशिवाय घरकुलाला सवलत द्या की देऊ नका, हा वाद घालण्यात अर्थ नाही.

आकारणी यादी प्रसिद्ध झाली की हरकत लेखीच द्यावी, नमुना ८ चा (कर आकारणीच्या वहीचा) उतारा जोडून, आणि पोच घ्यावी. तोंडी हरकतीची नोंद कुठंच राहत नाही. निर्णय पटला नाही तर अपील पंचायत समितीकडे. हेही लक्षात ठेवा, नमुना ८ वर नाव लागलं म्हणून जागेची मालकी मिळत नाही. अतिक्रमणातल्या घरालाही कर लागतो, आणि पावती दाखवून पट्टा मागायला गेलेला माणूस परत येतो.

पूर्णाकाठ

हिशेबनीस सवलतीचं लेखाशीर्ष विचारतात. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. रमाई (अनुसूचित जाती), शबरी (अनुसूचित जमाती) योजनांच्या घरकुलांची पाणीपट्टी त्यातून वळती करा. दर ६० च राहील, ग्राम पाणीपुरवठा निधीत पूर्ण पैसे येतील आणि सवलतही कागदावर दिसेल.

वस्ती नंबर दोन

हे नको. तो पैसा वस्तीतली नाली, दिवे, समाजमंदिर यासाठी हाय. त्यातून आमचीच पट्टी आमच्या नावानं भरली तं वर्षअखेर निधी खर्च झाला म्हणून दाखवता येते, आन् नाली तशीच तुंबते. ६० रुपये आमी भरतो. १५ टक्क्याले हात लावू नका.

पंपवाला

या एका मुद्द्यावर मी वस्तीच्या बाजूनं. शिवाय मोदी आवासचं घर इतर मागासवर्गीयांचं, प्रधानमंत्री आवासमध्ये सगळ्या प्रवर्गांची घरं. एकाच ओळीतल्या चार घरकुलांपैकी दोघांची पट्टी निधीतून, दोघांची खिशातून. अशानं वस्तीतच भांडण लागेल. वित्त आयोगाच्या बंधित, म्हणजे ठरलेल्या कामापुरत्याच, निधीतला पिण्याच्या पाण्याचा हिस्सा दुरुस्तीकडे वळवा, तो त्याचसाठी असतो. पगाराला चालत नाही, पण ६०,००० च्या दुरुस्तीला चालतो. मग ३६० वाट्यांवर १,९८,४०० राहतात, वाट्याला ५५१, महिना ४६ रुपये. सगळ्यांचाच कमी होतो.

हिशेबनीस

आणि ज्या वर्षी हप्ता उशिरा येईल त्या वर्षी? दर ६० चा ठेवा, निधी आला तर शिल्लक पंपाच्या खात्यात टाका. एकदा ४६ केलेला दर परत ६० करायला सभेत कुणी हात वर करत नाही.

पंपवाला

मग निदान सौरपंपाचा विचार ठरावात घ्या. युनिटांचं वीजबिल हीच सर्वांत मोठी हलणारी रक्कम आहे. दिवसा उपसा करून टाकी भरायची, पाणी सकाळी सोडायचं.

वस्ती नंबर दोन

दर ठरला तरी वसुली मार्चमध्ये नका ठेवू. वस्तीतला मजूर आठवड्याच्या बाजारापुरता पैसा हाती ठेवते. ७२० एकदम मांगले तं नाई निघत, महिन्याले ६० निघते. कास्तकाराचं उलटं, त्याच्याकडं सोयाबीन-कापूस विकल्यावर दिवाळीच्या पुढं-मागं पैसा राहते. दोघाईले एकच तारीख कायले?

नमुना आठ

दरमहा ३०० पावत्या फाडायला माणूस कोण देणार? तिमाही ठेवा, वस्तीत बचत गटाच्या सभेच्या दिवशी कर्मचाऱ्यानं जाऊन बसावं. गटाच्या अध्यक्षबाईंकडे पैसे गोळा करायला देऊ नका, त्यांचा हेतू चांगला असला तरी. नमुना १० ची पावती जागेवर फाटली नाही की तीन महिन्यांनी कुणी किती दिले याचा ताळमेळ लागत नाही, आणि बदनामी त्या बाईंची होते. पावतीपुस्तक कर्मचाऱ्याच्याच हाती, अनुक्रमांक तपासून, आणि रक्कम दुसऱ्या दिवशी बँकेत.