उशिरा वर आलेला सेंटर फॉरवर्ड: क्लोसेचे उदाहरण आमच्या मुलाला कितपत लागू पडेल?

विट्याचे मास्तर (प्रश्न):
आमच्या खानापूर-आटपाडी भागातील कितीतरी कुटुंबे गलाईच्या (सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या) व्यवसायामुळे देशभर विखुरलेली आहेत, हे सांगली-साताऱ्याच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. अशाच एका घरातील सतरा वर्षांचा मुलगा, वडिलांचे दुकान केरळात असल्यामुळे, तिकडेच वाढला, तिकडेच फुटबॉल शिकला आणि गेल्या वर्षी आजी-आजोबांकडे राहायला आला. तो सेंटर फॉरवर्ड, म्हणजे गोल करण्यासाठी सर्वांत पुढे खेळणारा खेळाडू आहे. मराठी अडखळत बोलतो, म्हणून मैदानावर चेंडू मागायला संकोचतो, आणि मागत नाही म्हणून त्याला पास मिळत नाही. या वयापर्यंत कोणत्याही अकादमीत निवड झाली नाही, तेव्हा आता फुटबॉल पुरे, असे घरचे म्हणतात. त्याच्यापुढे जर्मनीचा नावाजलेला सेंटर फॉरवर्ड मिरोस्लाव क्लोसे याचे उदाहरण ठेवावे असे मनात आहे. पण मुलगा चिकित्सक आहे, नुसत्या कौतुकाने त्याचे समाधान होणार नाही. क्लोसे नेमका किती उशिरा वर आला आणि कशाच्या बळावर, हे जाणकारांनी सांगावे.

मिरजकर:
सतराव्या वर्षी क्लोसेचे नाव त्याच्या पंचक्रोशीबाहेर कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. 1978 मध्ये पोलंडमधील ओपोले येथे जन्मलेला हा मुलगा वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास जर्मनीतील कुसेल या लहान गावी आला, तेव्हा त्याला जर्मन भाषेतले जेमतेम दोन शब्द येत होते. कुटुंब जर्मन वंशाचे म्हणून तेथे स्थायिक झाले होते. म्हणजे तुमच्या विद्यार्थ्याप्रमाणेच तोही आपल्या म्हणवणाऱ्या मुलखात परका ठरला. वडील फ्रान्सच्या ओसेर क्लबकडून फुटबॉल खेळलेले आणि आई पोलंडच्या हँडबॉल संघातली, त्यामुळे खेळ घरातच होता, हे मात्र लपवू नका. त्याचा गावाकडचा क्लब सातव्या श्रेणीत खेळत असे आणि त्याच काळात तो सुतारकामाचे शिक्षण घेत होता. 1998 मध्ये, म्हणजे विसाव्या वर्षी, तो होम्बुर्ग क्लबला गेला, पुढच्या वर्षी कैझर्सलाउटर्न क्लबच्या राखीव संघात, आणि 2000 मध्ये बुंडेसलिगाच्या, म्हणजे जर्मनीतील सर्वोच्च श्रेणीच्या, मैदानावर उतरला. मार्च 2001 मध्ये अल्बानियाविरुद्ध बदली खेळाडू म्हणून जर्मनीकडून पहिल्यांदा खेळताना अखेरच्या मिनिटांत त्याने विजयी गोल केला. पोलंडच्या प्रशिक्षकांनीही त्याला आपल्या संघात ओढण्याचा प्रयत्न केला होता.

कृष्णाकाठ:
मुलाला आकडे सांगण्यापेक्षा गोल दाखवा. विश्वचषकातील त्याचे 16 गोल 2002, 2006, 2010 आणि 2014 अशा चार स्पर्धांत झाले. 2002 मधील पाचही गोल हेडरने, म्हणजे डोक्याने मारून, केलेले आहेत, आणि उंची मात्र सहा फुटांच्या आसपासच, म्हणजे भलामोठा धिप्पाड गडी नव्हे. उडी कोणत्या क्षणी मारायची हे त्याला कळत होते. माझ्या मते तुमच्या विद्यार्थ्यासाठी शेवटचे दोन गोल अधिक उपयोगाचे आहेत. घानाविरुद्ध तो उत्तरार्धात बदली म्हणून आला आणि दोनच मिनिटांत, कॉर्नरवरून सहकाऱ्याने डोक्याने पुढे सरकवलेला चेंडू त्याने दूरच्या खांबापाशी जाळ्यात ढकलला. ब्राझीलविरुद्धच्या 7-1 च्या सामन्यात त्याचा पहिला फटका गोलरक्षकाने अडवला, पण परतलेल्या चेंडूवर पुन्हा तोच आधी पोहोचला. हे दोन्ही गोल चेंडू मागून मिळालेले नाहीत. चेंडू कोठे पडेल हे आधी ओळखून तेथे जाऊन उभे राहणे, हे काम भाषेवाचून होते.

अजिंक्यतारा:
उदाहरण उत्तम आहे, पण अर्धेच सांगितले जात आहे. जर्मनीत गावच्या क्लबपासून बुंडेसलिगापर्यंत श्रेण्या एकमेकींना जोडलेल्या आहेत; संघ जिंकला तर वर चढतो, हरला तर खाली येतो, आणि खालच्या श्रेणीत कोण गोल करतो याकडे वरच्या क्लबचे लक्ष असते. आपल्याकडे मुलगा शालेय स्पर्धांत जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढतो आणि 19 वर्षांखालील गट संपला की बहुतेकांच्या पायाखालचे मैदानच सरकते. क्लोसे साताऱ्यात जन्मला असता तर विसाव्या वर्षी सुतारच राहिला असता, असे मी स्पष्टच म्हणतो. (सुतारकामात कमीपणा नाही, हातात कसब होते म्हणून त्याला वाट पाहता आली. तेव्हा या मुलाचे शिक्षण थांबवू नका.)
मार्ग मात्र अगदीच बंद नाही. कोल्हापूर जवळ आहे, शाहू स्टेडियमवर तालमींचे फुटबॉल संघ खेळतात, बाहेरचे खेळाडूही त्यांना चालतात. 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून आघाडीला खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच आहे.

मिरजकर:
अजिंक्यतारा यांचे म्हणणे मला मान्य आहे. एक जोडतो: 2012 मध्ये इटलीतील लाझिओ क्लबकडून नापोली क्लबविरुद्ध खेळताना चेंडू हाताला लागून गोल झाल्याचे क्लोसेने स्वतः रेफरीला सांगितले आणि तो गोल रद्द झाला. हेही मुलाला जरूर सांगा.

विट्याचे मास्तर:
सर्वांचे आभार. ब्राझीलविरुद्धचा तो गोल काल आम्ही दोघांनी चार वेळा पाहिला. पहिला फटका अडवल्यावर बचावपटू थांबले आणि हा थांबला नाही, हे त्याने माझ्याआधी टिपले. रविवारी त्याला कोल्हापूरला एका संघाच्या सरावासाठी नेत आहे. आजोबांनी बारावी पूर्ण करण्याच्या अटीवर होकार दिला आहे. मराठीचे म्हणाल, तर मैदानावर लागतात ते शब्द दहा-बाराच आहेत. ‘दे’, ‘सोड’ आणि ‘मागं माणूस’ एवढे त्याला आज पाठ झाले.