हाय-रेझ प्लेअर म्हणे घरोघरी जाणार!

धरमपेठी
काल इथे एका भाऊने छातीठोक लिहिलं की दोन-तीन वर्षांत साधा माणूससुद्धा फोनवर गाणी ऐकणं सोडेल आणि खिशात वेगळा हाय-रेझ प्लेअर, म्हणजे सीडीपेक्षाही बारीक आवाज साठवलेल्या फाइली वाजवणारा डबा, ठेवेल, कारण 'चांगला आवाज एकदा कानाला लागला की माणूस मागे फिरत नाही'. तिथेच दोन ओळी टाकणार होतो, त्या वीस झाल्या, म्हणून हा वेगळा धागा.

अरे बाबा, ठेवणार कुठे? माझ्या खिशात फोन, पाकीट, गाडीची किल्ली, ऑफिसचं कार्ड, आणि एप्रिल-मे मध्ये आईने कोंबलेला कांदा. त्यात आता अजून एक डबा. त्याचं चार्जिंग वेगळं, मेमरी कार्ड वेगळं, वायरवाले हेडफोन वेगळे, हेल्मेटमध्ये ती वायर अडकते ते वेगळंच. आणि हा प्रयोग झालेला आहे. नील यंग म्हणजे स्वतः गाणारा माणूस, दुकानदार नाही. त्याने पोनो नावाचा असाच प्लेअर काढला, २०१४ ला किकस्टार्टर नावाच्या वर्गणीच्या साइटवर लोकांनी ६२ लाख डॉलर दिले, वस्तू हातात यायच्या आधी! ३९९ डॉलरचा तिकोनी प्लेअर. २०१७ पर्यंत खेळ खलास. आयपॉडसुद्धा २०२२ ला बंद झाला, तो काही आवाज वाईट होता म्हणून नाही, फोन त्याला गिळून बसला म्हणून. आता बोला.

फ्लॅकभक्त
'एका भाऊने' काय, नाव घ्यायला लाज वाटते का? पोस्ट माझी होती.

पोनोचं उदाहरण म्हणजे पहिला मोबाईल विटेएवढा होता म्हणून मोबाईल कधी चालणार नाही म्हटल्यासारखं आहे. पोनोच्या वेळी एकेक अल्बम विकत घेऊन कॉम्प्युटरवरून भरावा लागायचा, कोण करणार? आज ॲपल म्युझिकने २०२१ पासून लॉसलेस, म्हणजे काही न गाळलेलं गाणं, त्याच पैशात दिलंय, २४ बिट १९२ किलोहर्ट्झपर्यंत, म्हणजे सीडीच्या कितीतरी वरची बारकाई. २०२५ ला स्पॉटिफायपण आलं. माल घरात आलाय, भांडं नाही. तुम्ही तो ब्लूटूथवर ऐकता, तिथे एलडॅकसारखा चांगला कोडेक, म्हणजे आवाज दाबून पाठवायची पद्धत, धरला तरी सेकंदाला ९९० किलोबिट, तेही सिग्नल चांगला असेल तर. साध्या सीडीला १४११ लागतात. म्हणजे केशर घालून दूध आटवायचं आणि गाळणीने पाणी करून प्यायचं.

धरमपेठी
वा, म्हणजे माल फोनमध्येच आलाय हे तुम्हीच कबूल केलं. मग फोनलाच वायरवाले हेडफोन जोडायचा सी टाइपचा डोंगल लावतो ना, हजाराच्या आसपास मिळतो. तुमचं भांडं केवढ्याचं आहे हो?

फ्लॅकभक्त
किंमत काढायची गरज नाही. ५२ हजार. माझे पैसे आहेत.

बर्डीवरचा
दुकान आहे माझं नागपुरात बर्डीवर, मोबाईलच्या सामानाचं, ११ वर्षं झाली. हाय-रेझ प्लेअर मागायला आजपर्यंत दोन गिऱ्हाईक आले, दोघं पण फक्त पाहून गेले. बाकी पब्लिक तीन गोष्टी विचारते, बॅटरी किती चालते, बास आहे का, अन् गाडीवर फोन आला तर समोरच्याला ऐकू जातो का. फ्लॅक, म्हणजे लॉसलेस गाण्याच्या फाइलचा प्रकार, म्हटलं तर वाटते मी एखाद्या चायनीज कंपनीचं नाव घेतलं. नेकबँड सहाशेचा. तो पण 'पाचशे करा न भाऊ'. डोंगलचं म्हणाल तर लोक नेतात अन् महिन्याभरात हरवतात, माझ्यासाठी चांगलंच आहे.

मानेवाड्याचा मामा
मी तं एकच गोष्ट सांगतो. मार्च निंगाला का आमच्या घरी कूलर लागते तो पावसाळ्यापर्यंत. तीन फुटी लोखंडी, पात्याचं एक टोक जरासं वाकलं आहे, बाजूच्या माणसाशी बोलाचं तरी ओरडा लागते. त्यात तुमचं चोवीस बिट कोणाले ऐकू येते बाप्पा? पोराच्या मोबाईलवर आवाज मोजाचं ॲप आहे, त्यानं पलंगाजवळ ६४ डेसिबल दाखवलं.

सुरपेटी
मामांनी हसत हसत मुद्द्यावर बोट ठेवलंय, कोणी लक्ष देणार नाही म्हणून मीच लिहिते. १६ बिटमध्ये, म्हणजे सीडीच्या मापात, अगदी बारीक आवाजापासून मोठ्या आवाजापर्यंत ९६ डेसिबलचं अंतर मावतं. खोलीत कूलरचा ६४ असेल तर तो सगळ्यात बारीक आवाज ६४ च्या वर यायला हवा, म्हणजे वरचा आवाज १६० वर जाणार. कानाचा पडदा राहील का? सीडीएवढं सुद्धा नागपूरच्या उन्हाळ्यात आपल्याला पूर्ण वापरता येत नाही, २४ बिट तर लांबच.

फ्लॅकभक्त
ताई, कानात घट्ट बसणारे इयरफोन घातले की बाहेरचा २०-२५ डेसिबल बाहेरच राहतो. गणित अर्धवट मांडू नका.

सुरपेटी
बरं, २५ वजा केले. १३५. विमानाच्या इंजिनाजवळ उभं राहून ऐकायचं का मग?

मानेवाड्याचा मामा
अन् कूलर मोठा ठेवला नाही तं मग ऐकणाराच उरत नाही.

जुनाटेप
कूलरचा आवाज नुसता पात्यामुळे नाही, मोटरच्या बुशमुळेही येतो. दर वर्षी तेल घाला, बुश बदला. आणि हनीकोम्ब लावला असेल तर काढून फेका, जुन्या खसच्या ताट्या लावा, हवा मऊ येते आणि आवाजही कमी. नवीन प्लास्टिकचे कूलर म्हणजे नुसता कर्कश डबा.

मानेवाड्याचा मामा
काका तुमचं सगळं मान्य पण खस लावाले आता कोण भेटते? मागच्या वर्षी एक जण आला, तीन ताट्याचे बाराशे घेऊन गेला, आतमंदी अर्धी खस अन् अर्धा भुसा. पंधरा दिवसात लोंबून राहिल्या होत्या. हनीकोम्ब घेतला तं त्यावर पाण्याचा पांढरा थर बसते, खरवडून काढा लागते. बोअरचं पाणी वापरू नका कोणी.

बर्डीवरचा
टाकीत पाणी भरतानाच अर्धी दुपार जाते मामा. टुल्लू पंप कोणता आहे तुमच्याकडे?

फ्लॅकभक्त
हा धागा कूलरचा आहे का? नाही, एकदा सांगून टाका, मी माझं लिहिणं बंद करतो. एकाने खिशातला कांदा काढला, दुसऱ्याने बुश काढला. मी २०१६ पासून या विषयात वाचतोय, ज्या वर्षी ॲपलने आयफोन ७ मधून हेडफोनचा जॅक काढून टाकला आणि सगळ्या जगाने माना डोलावल्या, त्या वर्षापासून. लंडनच्या क्वीन मेरी युनिव्हर्सिटीच्या जोशुआ रीसने त्याच २०१६ ला आधी झालेले १८ प्रयोग एकत्र करून तपासले, साडेबारा हजारांवर चाचण्या, आणि निष्कर्ष आला की माणसाला फरक कळतो. कळतो! वाचा जरा.

धरमपेठी
वाचलंय साहेब. एकूण बरोबर उत्तरं ५२.३ टक्के. नाणं उडवलं तर ५० येतात. ज्यांना आधी शिकवून तयार केलं होतं त्यांचं साधारण ६०. म्हणजे साध्या माणसाने आधी कोचिंग क्लास लावायचा, मग ५२ हजार घालायचे, आणि दहापैकी सहा वेळा बरोबर सांगायचं. आणि २००७ चा मेयर आणि मोरान या दोघांचा प्रयोग तुम्ही सोयीने विसरलात, तिथे हाय-रेझ आणि सीडीएवढं केलेलं एकामागून एक ऐकवलं, साडेपाचशेच्या वर चाचण्या, कोणालाच ओळखता आलं नाही.

फ्लॅकभक्त
त्या प्रयोगातल्या डिस्क तरी खरोखर हाय-रेझ होत्या का यावर केवढे वाद झाले ते पण सांगा. अर्धवट ज्ञान.

धरमपेठी
वा! म्हणजे दुकानात 'हाय-रेझ' म्हणून विकलेलं खरं हाय-रेझ आहे की नाही हेच कोणाला सांगता येत नाही. माझा मुद्दा तुम्हीच जास्त चांगला मांडला.

जुनाटेप
माझं दुखणं हेच आहे. मी ३० वर्षं टेपरेकॉर्डर दुरुस्त केले, हेडवर स्पिरिटचा बोळा फिरवून फिरवून बोटांची कातडी गेली. आता जुन्या ७८ च्या तबकड्यांवरचं गाणं '२४ बिट रिमास्टर' म्हणून विकतात. गौहरजानची पहिली तबकडी १९०२ ची, कलकत्त्याची. तेव्हा माइक नव्हता, भोंग्यात तोंड घालून गायचं. विजेवरचं रेकॉर्डिंग १९२५ ला सुरू झालं. भोंग्याच्या त्या रेकॉर्डिंगमध्ये पाच हजार हर्ट्झच्या वर जवळपास काही नाहीच, मग १९२ किलोहर्ट्झमध्ये काय भरलं तुम्ही? तबकडीची खरखर! बरं ती तरी ठेवावी, तर ती काढायच्या नादात गाणाऱ्याचा श्वासही पुसून टाकतात. तान घ्यायच्या आधीचा तो श्वास आम्हाला कॅसेटवर ऐकू यायचा. एक मेहरबानी करा, कोणत्याही बिटमध्ये द्या पण श्वास ठेवा.

सुरपेटी
काका, यावर मात्र पूर्ण सहमत. गाणं मास्टर करणाऱ्याने, म्हणजे शेवटचा आवाज जुळवणाऱ्याने, सगळं एका पातळीवर दाबून टाकलं असेल तर वरून कितीही बिट ओता. माझ्याकडे एकाच रागाची दोन रेकॉर्डिंगं आहेत, एक साधी एमपीथ्री ३२० ची आणि एक हाय-रेझची, आणि एमपीथ्रीत तानपुरा जास्त खरा वाटतो कारण ती जुन्या सीडीवरून केलीय.

आणि साधा माणूस, साधा माणूस चाललंय म्हणून सांगते, वेगळा प्लेअर त्याने घेतलाय की. २०१७ ला कारवाँ नावाचा रेडिओसारखा डबा आला, ५००० गाणी आधीच भरलेली. आमच्या गल्लीत चार घरांत आहे. माझ्या आईने तो घेतला कारण बटण गोल फिरवलं की गाणं लागतं, इंटरनेट नको, पासवर्ड नको. तिला चष्मा न लावता लावता येतो. आवाज डब्यासारखा आहे, तिला काही फरक पडत नाही.

फ्लॅकभक्त
कारवाँची तुलना माझ्या प्लेअरशी? ताई, तुम्ही गाणं शिकता म्हणून तरी...

सुरपेटी
शिकते म्हणूनच बोलतेय.

फ्लॅकभक्त
ठीक आहे, कागदावरचं सोडतो, स्वतःचं सांगतो. मागच्या मे मधली गोष्ट. रात्री साडेअकरा, आमच्याकडे लाइट गेली. कूलर थांबला, पंखा थांबला, शेजारचा टीव्ही थांबला. खिडक्या उघड्या, वारं नाही, गच्चीवर जायचा कंटाळा. अंगावर ओला पंचा टाकून फरशीवर पडलो आणि प्लेअर लावला, बॅटरीवर चालतो ना तो. संतूर होतं. एक सूर छेडल्यावर तो विझत विझत जातो आणि पूर्ण विझायच्या आधी दुसरा येतो, तर पहिल्याची ती शेपटी मला दुसऱ्याच्या खाली ऐकू येत होती. तीन वर्षं तेच रेकॉर्डिंग ऐकतोय, कधी ऐकू आली नव्हती. वीस मिनिटं. मग लाइट आली, कूलर धडधडला आणि ती गेली. हे तुम्हाला टक्क्यांत कसं सांगू?

मानेवाड्याचा मामा
म्हणजे हाय-रेझ ऐकाचं असन तं पहिले लाइट घालवा लागते. 😂 बिल भरू नका भाऊ, आपोआप जाईन.

धरमपेठी
मामा थांबा जरा. भाऊ, हे मस्त लिहिलंय, खोटं नाही बोलणार. पण एक विचारतो, त्या वीस मिनिटांत फोन लावून तेच ऐकून पाहिलं का?

फ्लॅकभक्त
नाही.

धरमपेठी
मग ती शेपटी प्लेअरने ऐकवली की शांततेने?

फ्लॅकभक्त
तुम्हाला फक्त जिंकायचं आहे.

धरमपेठी
नाही हो. मीपण एकदा फसलोय म्हणून विचारतो. एका मित्राकडे असाच भारी प्लेअर होता, त्याने माझ्या फोनच्या बाजूला ठेवून ऐकवला, मी म्हटलं बाप रे, जमीन-अस्मान. त्याच्या भाच्याने, इंजिनिअरिंगला आहे पोरगा, दोन्हीचा आवाज मोजून सारखा केला, प्लेअर थोडासा मोठा वाजत होता, बस. मग त्याने आमच्याकडे पाठ करून दहा वेळा अदलाबदली केली. मी पाच बरोबर सांगितले. मित्राने चार, आणि प्लेअर त्याचाच होता! त्यानंतर महिनाभर तो माझ्याशी बोलला नाही.

बर्डीवरचा
मोठ्ठा आवाज म्हणजे चांगला आवाज, हे आम्हाला दुकानात पहिल्या दिवशी शिकवतात. डेमो देताना दोन पॉइंट वाढवूनच द्यायचा.

सुरपेटी
हे तुम्ही जाहीर का सांगताय?

बर्डीवरचा
ताई, सगळ्यांनाच माहीत आहे. गिऱ्हाईकाला पण.

फ्लॅकभक्त
बरं. एवढं मानतो की 'दोन-तीन वर्षांत साधा माणूस' हे मी जरा जोशात लिहिलं. वीस वर्षं म्हणू. पण प्लेअर विकणार नाही. त्यात एक गोष्ट आहे जी तुमच्या फोनमध्ये कधी येणार नाही, गाणं चालू असताना बँकेचा मेसेज येत नाही, लोनवाल्या बाईचा फोन येत नाही, फॅमिली ग्रुपवर गुड मॉर्निंग येत नाही.

धरमपेठी
त्याला फ्लाइट मोड म्हणतात. फुकट आहे.

फ्लॅकभक्त
लावता का तुम्ही?

धरमपेठी
...नाही. बायकोचा फोन यायचा असतो.

जुनाटेप
म्हणून म्हणतो कॅसेट.

फ्लॅकभक्त
धरमपेठी, रविवारी माझ्याकडे या. तुमच्या मित्राच्या भाच्यालाही आणा, मीटर घेऊन. तुमचा फोन, तुमचा डोंगल, माझा प्लेअर, दोन्हींना माझेच इयरफोन. दहापैकी सातच्या खाली गेलो तर तर्री पोहे माझ्याकडून. पण कूलर बंद ठेवणार, आधीच सांगतो.

धरमपेठी
दुपारी नको, सकाळी सातला ठेवा. नाहीतर आपण दोघंही तिथेच आडवे होऊ.

मानेवाड्याचा मामा
सातले मी पण येतो, पोह्याचं पक्कं असन तं. अन् बर्डीवाल्या भाऊ, तो टुल्लू पंपाचं राहूनच गेलं, माझा सकाळपासून गुरगुरून राहिला अन् पाणी वरच नाही चढून राहिलं.

बर्डीवरचा
खालची जाळी काढून पाहा, कचरा अडकला असेल. नसेल तर घेऊन या, उद्या दुकान अकराला उघडतो.